नाला ओळखावा झाडांवरून

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



गोंदिया तालुक्यात, कामठ्याजवळ, बिरसी नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं एक धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, वैमानिक घडवणारी संस्था तिथं सुरू झाली आणि मार्च २०२२ मध्ये बिरसीहून प्रवासी विमानही उडालं. पण आसपासच्या खेड्यांना खरी सवय आहे ती शिकाऊ वैमानिकांच्या लहान विमानांची. सकाळपासून ती धानाच्या बांध्यांवरून घरघरत जातात. रोवणी करणाऱ्या बाया आता मान वर करूनही बघत नाहीत.

मी याच जिल्ह्यात पुष्कळ वर्षं भूगोल शिकवला. एकदा कामठ्याच्या वाटेवर चहाच्या टपरीवर त्या प्रशिक्षण संस्थेतला एक मुलगा भेटला. परराज्यातला होता. बोलता बोलता म्हणाला, ‘‘सर, मे महिन्यात वरून बघितलं की तुमचा सगळा मुलूख मातकट दिसतो. आणि त्या मातकट रंगातून गडद हिरवे साप वळवळत गेलेले दिसतात. ते काय आहे?’’ मी म्हटलं, ‘‘ते आमचे नाले.’’ तो म्हणाला, ‘‘पण त्यात पाणी तर दिसत नाही.’’

त्याच्या त्या वाक्यावर आज मला बोलायचं आहे.

आमच्या भागातला नाला वर्षातले जेमतेम पाच-सहा महिने वाहतो. होळीनंतर त्यात वाळू, गोटे आणि कुठंकुठं हिरवट डबकं एवढंच उरतं. नदीचीही फार वेगळी गत नाही. पांगोली घ्या. गोंदियाच्या जवळून जाऊन ती बाघ नदीला मिळते आणि बाघ पुढे वैनगंगेला. भर उन्हाळ्यात ही पांगोली पायी ओलांडताना काही ठिकाणी चपलासुद्धा ओल्या होत नाहीत. पण काठावर उभं राहिलं तर नदी संपलेली नाही, हे डोळ्यांना दिसतं. काठची झाडं हिरवी असतात. त्यांची मुळं वाळूखालच्या ओलीपर्यंत पोचलेली असतात. वर पाणी नाही, खाली आहे आणि झाड त्याची साक्ष देतं.

या झाडांत पहिला मान अर्जुनाचा. कुणी त्याला कहू म्हणतं, कुणी कौहा. पांढुरकं, गुळगुळीत खोड, पाण्याकडे झुकलेलं. आमच्या जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांच्या नावांतच अर्जुनी आहे : अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी. पूर्व विदर्भात कोसा, म्हणजे टसर रेशीम, पिकवणारे लोक ऐन आणि अर्जुन याच झाडांवर किडे सोडतात. अर्जुनाच्या सोबतीला जांभूळ, करंज, उंबर, खाली निरगुडी आणि पाण्याच्या अगदी कडेला लव्हाळा. ही नुसती शोभा नाही. मुळं काठ धरून ठेवतात, सावलीनं डबक्यातलं पाणी जास्त दिवस टिकतं, शेतातून वाहून येणारा गाळ झुडपांत अडतो. हा पट्टा गेला की एक-दोन पावसाळ्यांत काठ ढासळतो आणि ती माती थेट खालच्या तलावात जाऊन बसते.

आता प्रश्न असा, की हा पट्टा आपल्या कुठल्या नकाशात आहे?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. बिरसी ज्या भागात येते त्या मालिकेचा क्रमांक ६४ सी. त्यावर बारमाही प्रवाह निळ्या, कोरडे प्रवाह काळ्या रेघेनं दाखवलेले असतात. नाला चार मीटर रुंद असो की बारा, रेघ साधारण तेवढीच. काठाला झाडं आहेत की नाहीत याबद्दल ती रेघ काही सांगत नाही. गाव नकाशात नाला म्हणजे गट क्रमांकांच्या मधली एक वाकडी मोकळी जागा. जुन्या मध्य प्रांताच्या बंदोबस्तात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन दस्त तयार झाले. गावकऱ्यांनी सरपण कुठून आणावं, गुरं कुठं पाजावी, तलावाच्या पाण्यावर कुणाचा हक्क, हे त्यांत लिहिलेलं असतं. नाल्याचा वापर त्यांत आहे. पण झाडं मोजून कागदावर मांडलेली तिथंही नाहीत. ज्यांनी ते दस्त लिहिले त्यांना तशी गरज वाटली नसावी. झाडं होतीच!

वरून फोटो काढून जंगल आणि पाणी नकाशावर आणण्याची कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. १९२४ च्या सुमारास ब्रह्मदेशात इरावती नदीच्या मुखाजवळच्या जंगलांची विमानातून छायाचित्रं घेण्यात आली. तो प्रदेश म्हणजे फाटे फुटलेल्या खाड्या आणि त्यांच्या काठची दलदलीतली झाडं. जमिनीवरून मोजणी करायची तर माणसं चिखलात रुतणार. वरून घेतलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत झाडांच्या शेंड्यांची छटा आणि पोत पाहून जंगलाचे प्रकार वेगळे काढता आले. काठची झाडं आणि पाण्याच्या वाटा एकत्र वाचण्याचा हा फार जुना धडा आहे.

दुसरी गोष्ट १९७० ची, केरळातली. डॉ. पिशारोथ राम पिशारोटी यांना आपण भारतीय सुदूर संवेदनाचे जनक मानतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांची छायाचित्रं घेतली. फिल्म होती इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची. नारळाला मूळकुजीसारखा एक रोग लागला होता. खालून पाहणाऱ्याला झाड हिरवंच वाटत होतं. फिल्मवर मात्र रोगट झाड वेगळं पडलं. गंमत म्हणजे ही फिल्म महायुद्धात वाढली ती भलत्याच कामासाठी. हिरव्या रंगाच्या जाळ्या टाकून तोफा लपवत असत. ताजं पान आणि हिरवा रंग डोळ्याला सारखे वाटले तरी अवरक्त फिल्मला तो फरक कळे. बिरसीची धावपट्टी आणि ही फिल्म, दोन्ही एकाच युद्धाची देणगी म्हणायची.

असं का होतं, हे थोडक्यात सांगतो. पान लाल प्रकाश खाऊन टाकतं, अन्न तयार करण्यासाठी. पण त्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश त्याच्या कामाचा नसतो. पानाच्या आतल्या पेशी तो जवळजवळ निम्मा परत फेकतात. पाण्याचं उलट आहे. पाणी हा अवरक्त प्रकाश जवळपास सगळा गिळून टाकतं. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात अवरक्ताला आपण लाल रंग दिला, तर दाट झाडी भडक लाल दिसते आणि स्वच्छ पाणी काळं. गढूळ असेल तर निळसर. माझे विद्यार्थी पहिल्यांदा असं चित्र पाहून दचकत. ‘‘सर, जंगल लाल?’’ आठवड्याभरात सवय व्हायची. लाल दोरा म्हणजे नाला, हे मग कुणाला सांगावं लागत नसे.

१९८८ हे वर्ष आपल्यासाठी महत्त्वाचं. त्या वर्षी मार्चमध्ये आयआरएस-१ए हा नियमित सेवा देणारा आपला पहिला दूरसंवेदी उपग्रह कामाला लागला आणि त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झालं. तोवर विमानातून घेतलेले फोटो सामान्य माणसाला मिळणं दुरापास्त होतं. संरक्षण खात्याच्या परवानग्या लागत. आता इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून कुणालाही बघता येतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि त्याच जागेचं नवं चित्र दर पाच-सहा दिवसांनी येतं. ड्रोनच्या चित्रात तर फांदीसुद्धा मोजता येते. आता बिरसीच्या आसपास ड्रोन मनात आलं तेव्हा उडवता येत नाही, विमानतळामुळे परवानगी लागते. म्हणजे ज्या गावावरून दिवसभर विमानं उडतात, त्याच गावचा नाला वरून टिपायला अर्ज करावा लागतो! असो. नियम सुरक्षेसाठी आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

चित्रं मिळाली, पण ती वाचायची कधीची? ही अडचण खास आमच्या धानपट्टीची आहे आणि पुस्तकात ती मला सापडली नाही. पावसाळ्यात ढग. ढग सरले की सप्टेंबर-ऑक्टोबरात बांध्याबांध्यांत धान उभा. सगळा जिल्हाच लाल. त्यात नाल्याचा दोरा हरवतो. जानेवारीत धान कापलेला असतो खरा, पण पानगळीची झाडं अजून पानं धरून असतात. झुडपी जंगल आणि नाला वेगळे काढणं कठीण. फेब्रुवारी-मार्चात अर्जुनच काही दिवस पानं गाळतो. आणि मार्च-एप्रिलात, इटियाडोह किंवा बाघ प्रकल्पाचं पाणी मिळतं तिथं, उन्हाळी धान लावलेला असतो. कालव्याखालची शेतं इतकी भडक लाल दिसतात, की एका वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीनं ती नदीकाठचं जंगल म्हणून रंगवून आणली. तिची चूक नव्हती. चित्रात खरंच तसं दिसत होतं.

पुष्कळ चुका करून आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यावर आलो. उन्हाळी धान बहुतेक कापून झालेला, साग उघडाबोडका, ढग अजून नाहीत. अर्जुन, जांभूळ आणि करंज तेवढे हिरवे. मोहही तोवर नव्या पानांनी भरलेला असतो, पण मोह धुऱ्यांवर विखुरलेला असतो. चित्रात तो ठिपक्यांसारखा दिसतो, नाला दोऱ्यासारखा. हा ठिपका आणि दोरा ओळखता आला की अर्धं काम झालं. म्हणून आमचं सगळं काम पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चाले. घरच्यांची बोलणी खावी लागत, तो भाग वेगळा.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो.

बिरसीपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावाचा नाला आम्ही नकाशावर आणत होतो. गावाचं नाव सांगत नाही. चित्र होतं ते जुन्या जातीचं. त्यातला एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद. शेतकऱ्याच्या हिशेबात साडेपाच आर जमीन. त्या साडेपाच आरांत जे जे असेल, त्या सगळ्याची सरासरी होऊन एकच रंग येतो. जिथं दोन्ही काठांना झाडांची दाटी आहे तिथं अडचण नाही. पण साधारण दोनशे पावलांच्या एका तुकड्यात नाला अरुंद होता, एका काठाला झाडांची एकच ओळ होती आणि दोन्हीकडे कापलेल्या बांध्या. एका ओळीच्या झाडांचा लाल रंग बांध्यांच्या फिकट रंगात विरघळून गेला. चित्रात तिथं काहीच दिसेना. उन्हाचे दिवस, मुलं दमलेली. तो तुकडा पायी पाहायचा राहिला. नकाशावर मी त्याला पिवळा रंग दिला आणि खाली लिहिलं : ‘वनस्पतीविरहित’.

नकाशा चांगला वठला होता. गावच्या कामाचा आराखडा होत होता, तेव्हा कुणीतरी तो मागून नेला. मला आनंदच झाला. कॉलेजातलं काम कुणाच्या उपयोगी पडतं, हे रोज थोडंच घडतं! पुढच्या उन्हाळ्यात नाला खोलीकरण आणि रुंदीकरणाचं काम निघालं. काम कुठून सुरू करावं, असा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी शहाणपणानं म्हणालं, जिथं झाडं नाहीत तिथून करा, म्हणजे झाडं तोडावी लागणार नाहीत. नकाशात पिवळा तुकडा होताच. यंत्र तिथं नेलं. तीन जुने अर्जुन आणि निरगुडीची जाळी तिथं होती. हुकूम सुटलेला, यंत्राचं भाडं तासावर. काम थांबलं नाही.

मला हे जुलैत कळलं. मी गेलो. काठ सरळ उभा, मुरमाचा, तुळतुळीत तासलेला. तिथं एक म्हातारी भेटली. तिनं सांगितलं, की त्या तीन झाडांखाली झिरा होता. मेमध्ये वाळू हातानं उकरली की वाटीवाटीनं पाणी येई. गावातली हातपंपाची रांग सोडून बायका तिथं येत. खणताना खालचा चिकणमातीचा थर फुटला आणि पाणी खाली उतरून गेलं. मी विचारलं, ‘‘आजी, कुणाला सांगितलं नाही का?’’ ती म्हणाली, ‘‘सांगतला जी. त्याइनं कागद दाखवला. कागदात झाडं नाईत म्हनत.’’

तो कागद माझा होता.

त्यानंतर मी ‘वनस्पतीविरहित’ हा शब्द कुठल्याही नकाशावर लिहिलेला नाही. आमच्या नकाशांत एक करडा रंग आला. त्याचा अर्थ : चित्रात दिसत नाही, कुणी जाऊन पाहिलेलंही नाही. विद्यार्थ्यांना करडा रंग आवडत नसे. नकाशा अर्धवट वाटतो, म्हणत. एका परीक्षकानंही तसा शेरा मारला. मारू दे.

चूक दुसऱ्या बाजूनंही होते. म्हणजे चित्रात भरभक्कम लाल पट्टा आणि जागेवर भलतंच. पांगोलीच्या खोऱ्यातल्या एका ओढ्यावर आम्हाला असा सलग, तेजस्वी पट्टा दिसला. सगळ्यांना वाटलं, जिल्ह्यातला सगळ्यात जपलेला काठ सापडला. दुपारी तिथं पोचलो. एक गुराखी सावलीला बसला होता. आम्ही त्याला मोठ्या कौतुकानं विचारलं, ही झाडी कधीपासूनची? तो हसला. ‘‘हे त बेशरम आय जी. ढोरंबी तोंड लावत नाई.’’

बेशरम. गुलाबी-जांभळ्या फुलांची, परदेशातून आलेली ही वनस्पती तुम्ही कुठल्याही तलावाच्या कडेला पाहिली असेल. तोडली की पुन्हा येते, म्हणून तर हे नाव. उपग्रहाला पान हिरवं आणि रसरशीत असलं की पुरे; ते अर्जुनाचं की बेशरमचं हे तो विचारत नाही. तलावावरची जलपर्णीही चित्रात भरघोस लाल, जणू पाण्यावर बागच लावली आहे. खरं तर ती पाण्याचा गळा दाबत असते. अलीकडच्या बारीक चित्रांतून आणि वेगवेगळ्या महिन्यांतली चित्रं ताडून पाहिल्यावर हा फरक काही प्रमाणात काढता येतो. तरी त्या गुराख्याला तो एका नजरेत कळतो.

तलावांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं त्यांतले कितीतरी बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले, म्हणून त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव आणि सरकारी कागदात ‘मामा तलाव’. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची रोजची काळजी घेणारं कुणी राहिलं नाही. नवेगावबांधचा मोठा तलाव मारुती चितमपल्लींमुळे महाराष्ट्राला माहीत झाला. बाकीचे तसेच राहिले. हे तलाव एकएकटे नसतात. वरच्याचा सांडवा नाल्यात, नाला खालच्या तलावात, अशी माळ असते. काठच्या हिरव्या दोऱ्याचा माग काढत गेलं की ही माळ चित्रात उलगडते. एखाद्या ठिकाणी दोरा तुटला की समजावं, येवा कुठंतरी अडला आहे. रस्त्याचा भराव असेल, विटभट्टी असेल, किंवा कुणी नाला नांगरून बांधी केली असेल.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढीवर बांधवांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या अभ्यासकांनी काही तलावांतून बेशरम उपटून काढली आणि माशांना हव्या असणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठल्या खोलीवर कुठली वनस्पती, कुठला मासा कशात अंडी घालतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. हे ज्ञान कुठल्याही चित्रात येत नाही. पाण्याखालच्या वनस्पती तर उपग्रहाच्या अवरक्त चित्रात मुळी दिसतच नाहीत. पाण्यानं अवरक्त प्रकाश आधीच गिळलेला असतो.

आणि आता लहान बोड्या. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला बांधलेला छोटा तलाव. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रानं उपग्रह चित्रांवरून देशभरच्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह तयार केला. महाराष्ट्राचा भाग २०१० चा. फार मोलाचं काम आहे. पण त्या प्रमाणावर सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान जागा आकारानं दाखवता येत नव्हत्या, त्या नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आमच्या कितीतरी बोड्या त्याहून लहान. म्हणजे त्या ठिपका झाल्या. ठिपक्याला काठ नसतो, काठाला झाडं नसतात. कायद्याचंही बघा. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत नदीचं पात्र, धानाची शेतं आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी व्याख्येतूनच वगळली आहेत. आमच्या भागात नाला, धानाची बांधी आणि मालगुजारी तलाव वगळले तर पाणथळ म्हणून उरतं काय?

हा प्रश्न सारसाला विचारावा. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा, जोडीनं राहणारा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. थोडे भंडाऱ्यात, आणि वैनगंगा-बाघ ओलांडली की बालाघाटात. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी स्वयंसेवी संस्थेचे कार्यकर्ते, वन विभाग आणि शेतकरी मिळून पहाटे त्यांची मोजणी करतात. जिल्ह्यातली संख्या काही दशकांच्या घरातच राहते, शंभराला शिवत नाही. सारस घरटं बांधतो तो धानाच्या बांधीत आणि उथळ पाण्यातल्या गवतात. दिवसा चरायला बोडीच्या कडेला आणि नदीकाठी. म्हणजे नेमक्या त्याच जागा, ज्या नकाशात ठिपका आहेत आणि नियमात वगळल्या आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. पाणथळ जागा मोजून, सीमा आखून ठेवण्याचा विषय त्यामुळे प्रशासनाच्या टेबलावर आला. सीमा आखताना नुसती पाण्याची कड धरली तर काठचं गवत आणि झाडं बाहेर राहतात. आणि पाण्याची कड तरी कुठली, ऑक्टोबरची की मेची? मला विचाराल तर दोन्ही आखाव्या आणि मधल्या पट्ट्याला तलावच म्हणावं. तिथं उन्हाळ्यात कुणी चार ओळी पेरून जातो, दोन वर्षांनी धुरा घालतो आणि पाचव्या वर्षी ती शेती होते.

काही श्रोत्यांनी पूर्वी पत्रांतून विचारलं होतं, की आमच्या गावात हे कसं करावं. सोपं आहे. सेंटिनेलच्या चित्रात एक चौकोन दहा मीटरचा असतो, म्हणजे बरोबर एक आर. शाळेतल्या संगणकावर मेच्या शेवटच्या आठवड्याचं आणि जानेवारीचं, अशी दोन चित्रं शेजारी ठेवा. शक्य असेल तर लँडसॅटची जुनी चित्रंही बघा; १९७२ पासूनचा साठा २००८ मध्ये सगळ्यांना फुकट खुला झाला. सुरुवातीची चित्रं भरड आहेत, पण गावचा मोठा नाला तेव्हा किती लाल होता हे कळतं. मग चित्राची प्रत घेऊन नाला उगमापासून खालपर्यंत चाला. एकट्यानं नाही. सोबत ढीवर असावा, गुराखी असावा आणि झिऱ्यावर पाणी भरलेली एखादी आजी असावी. ती सांगेल ते चित्रावर तिथंच लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतं. हे मी अनुभवानं सांगतो.

त्या गावात मी अजून जातो. मागच्या मेमध्ये काही मुली नाला चालायला सोबत होत्या. त्या तासलेल्या काठाशी आलो. एका बाजूनं काठ बराच ढासळला आहे. तीन अर्जुनांपैकी दोघांची खोडं यंत्रानं मुळासकट उपटली होती, त्यांचा मागमूस नाही. तिसऱ्याचा बुंधा मातीत अर्धा गाडला गेला होता. अर्जुन चिवट. त्या बुंध्याला पाच-सहा फुटवे आले आहेत, सगळ्यात उंच माझ्या खांद्याला लागतो. मुलींनी घाईघाईनं फोनवर उपग्रहाचं ताजं चित्र उघडून बघितलं. तिथं काहीच नव्हतं; फिकट चौकोन, शेजारच्या बांधीसारखाच. एका मुलीनं विचारलं, मग इथं कुठला रंग द्यायचा? मी पिशवीतून हिरवी पेन्सिल काढली आणि तिच्या हातात दिली.